नवी वायर न टाकता मागच्या खोलीत नेट कसं पोचवलंत? अनुभव लिहा

राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे, माझं टेबल शेवटच्या खोलीत, मधे दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट. घर भाड्याचं, मालक भिंतीला खिळा मारू देत नाहीत, त्यामुळे लॅन केबल ओढायचा विषय बंद. मीटिंगमध्ये माझं अर्धं वाक्य जातं आणि पलीकडून "आवाज तुटतोय" येतं, रोज. ज्यांनी हे निस्तरलंय त्यांनी लिहा, आणि निस्तरायला जाऊन जे फसलेत त्यांनी तर नक्कीच लिहा. नुसतं मॉडेलचं नाव नको, काय काय करून बघितलं ते हवंय.

*

फसलेल्यांत माझा नंबर पहिला. एक्स्टेंडर, म्हणजे राउटरचं वायफाय पकडून पुढे पसरवणारी डबी, आणला आणि जिथे रेंज नाही तिथेच, म्हणजे बेडरूमच्या सॉकेटला लावला. मोबाईलवर सगळ्या काड्या फुल्ल आणि पान काही उघडेना. चार दिवस त्या डबीला शिव्या घातल्या. मग भाचीने विचारलं, "मामा, पण हिला स्वतःला नेट कुठून मिळतंय?" तर मिळतच नव्हतं की. काड्या दिसत होत्या त्या मोबाईल ते डबी एवढ्याच अंतराच्या. उचलून पॅसेजमध्ये अर्ध्या वाटेवर लावली तेव्हा चालायला लागली. स्पीड मात्र निम्माच, कारण एकाच बँडवर (म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर) आधी ऐकायचं आणि मग तेच पुढे सांगायचं. मेल वगैरेला ठीक, मीटिंगसाठी मी सुचवणार नाही.

*

आमच्याकडे पॉवरलाईन आहे, दोन वर्षं झाली, सविस्तर लिहिते. दोन अडॅप्टर असतात, एक राउटरजवळ, एक लांबच्या खोलीत, आणि घरातल्या विजेच्या वायरिंगमधूनच डेटा जातो. पहिल्या दिवशी मी दुसरा अडॅप्टर टेबलाखालच्या एक्स्टेन्शन बोर्डला लावला, तो सर्ज प्रोटेक्टरवाला, आणि लाल दिव्याकडे बघत बसले. हे प्रोटेक्टर लाईनमधला खरखराट गाळतात आणि आपला डेटा त्यांच्या लेखी खरखराटच, हे मला नंतर कळलं. थेट भिंतीतल्या सॉकेटला लावला तर हिरवा. मग स्पीड काही केल्या ९४ च्या वर जाईना, डब्यावर तर मोठ्ठं ६०० छापलेलं. उलटून बघितलं तर खाली लॅनचं पोर्टच १०० एमबीपीएसचं! म्हणजे आत काहीही होवो, बाहेर येणार ९४-९५च. बदलून गिगाबिट (१००० एमबीपीएस) पोर्टवाला एव्ही२, म्हणजे पॉवरलाईनच्या नव्या पिढीतला, घेतला, त्यावर १२०० लिहिलंय आणि मिळतात १८० च्या आसपास, पण ते १८० टिकून असतात आणि मला तेवढंच पाहिजे होतं. आणि हो, पेअरचं बटण दाबून स्वतःची की (पासवर्डसारखी) बनवून घ्याच, सगळे अडॅप्टर कारखान्यातून एकाच नावाने येतात, शेजाऱ्यांकडेही तसलेच असले तर भलतीच गंमत व्हायची.

*

पॉवरलाईनला आमच्या घरात शून्य मार्क. दोन खोल्या वेगवेगळ्या फेजवर, लिंक लागली तरी १०-१२ एमबीपीएस आणि वॉशिंग मशीन सुरू झालं की तीही गुल. घेण्याआधी परत करता येईल ना एवढं विचारून घ्या.

*

टीव्हीची जुनी कोॲक्स केबल दोन्ही खोल्यांत असेल तर मोका बघा, म्हणजे त्या केबलमधूनच नेट नेणारे दोन अडॅप्टर, पॉवरलाईनच्या कितीतरी पुढे. मोका २.५ ला कागदावर २.५ गिगाबिट, माझं गिगाबिट पोर्ट भरून वाहतं. अट एकच, त्याच केबलवर डिशचा सिग्नल नको, कारण डिश ९५० ते २१५० मेगाहर्ट्झ वापरते आणि मोका साधारण ११२५ ते १६७५, दोघं एकमेकांच्या अंगावर. मधला स्प्लिटर (केबलला फाटे फोडणारी डबी) जुना असेल तर तोही बदला, माझा १००० मेगाहर्ट्झपर्यंतचाच होता आणि मी उगाच अडॅप्टरवर संशय घेत बसलो होतो.

*

कोणीतरी लँडलाईनच्या सॉकेटबद्दल लिहील म्हणून थांबलो होतो. दोन स्क्रू काढून प्लेट बाहेर ओढा आणि आत डोकवा. माझ्याकडे आत राखाडी केबल, त्यावर बारीक अक्षरात कॅट ५ई, म्हणजे लॅनला चालणारीच, आठ तारा आणि त्यातल्या फोनला जोडलेल्या फक्त दोन, बाकीच्या सहा नुसत्या गुंडाळून कोंबलेल्या. फोन तर कधीच बंद झालेला. दोन्ही टोकांना लॅनचे जॅक बसवले, झालं. आधी १०० वरच अडकलं होतं, गिगाबिटला चारही जोड्या लागतात आणि माझी तपकिरी तार नीट दाबली गेली नव्हती. परत दाबली, १००० चा दिवा लागला. आतली केबल एका सॉकेटवरून दुसऱ्यावर उड्या मारत गेली असेल तर मधल्या सॉकेटला जोडकाम आलं. आणि घर भाड्याचं असेल तर विचारून करा बाबा.

*

मेशवाली मी, म्हणजे घरभर एकच वायफाय पसरवणाऱ्या, आपसात जोडलेल्या डब्या. अशा तीन डब्या, नोड म्हणतात त्यांना, आणल्या, तीन खोल्यांत तीन, हौस. लॅपटॉप आपला लांबच्याच नोडला चिकटून बसायचा. एक नोड काढून कपाटात ठेवला तर सगळं सुधारलं. :) नोड एकमेकांशी वायफायनेच बोलणार असतील तर त्यासाठी वेगळा बँड असलेला सेट घ्या, नाहीतर वरच्या एक्स्टेंडरवाल्या मामांचीच गोष्ट.

*

घेण्याआधी मोजा हो कोणीतरी! इंटरनेटची स्पीड टेस्ट करून घरातली वाट कळत नाही. एक कॉम्प्युटर राउटरला वायरने, दुसरा त्या खोलीत, आणि मधे आयपर्फ हा स्पीड मोजायचा प्रोग्राम चालवा, फुकट आहे. मोबाईलवर सिग्नल डीबीएममध्ये (सिग्नलच्या जोराचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं) दाखवणारं ॲपही मिळतं, उणे ६७ च्या आसपास मीटिंग सुखाची, उणे ८० ला रड. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर असाल तर राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेल १, ६ किंवा ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ. आणि राउटरला यूएसबी ३ ची हार्ड डिस्क खेटून ठेवली असेल तर ती आधी लांब करा, २.४ मध्ये ती भयंकर कुरकुर करते.

*

धागा काढणारा परत आलोय. मोजलं. टेबलापाशी उणे ८१. राउटर टीव्हीमागून काढून त्याच लोखंडी कपाटाच्या डोक्यावर ठेवला, तेवढी त्याची मूळची वायर पुरली, तर उणे ७०. काही विकत न घेता! फोनचं सॉकेट उघडलं (मालकांना विचारून), आत दोनच तारा निघाल्या, त्यामुळे ते राहिलं. मित्राचे पॉवरलाईन अडॅप्टर उसने आणलेत, १३० येतात. फक्त शेजारच्या सॉकेटला लॅपटॉपचा चार्जर लावला की ४० वर उतरतात. आता मीटिंग बॅटरीवर करतोय.