मदत हवी आहे: स्प्रे मारलेल्या टेबलाला सुरकुत्या, गणपतीला ९ दिवस उरलेत

नवा_सुतार
घरी टेबल केलंय, पांढरा स्प्रे मारला. पहिले दोन हात मस्त बसले, तिसऱ्या हाताला अर्ध्या टॉपवर सुरकुत्या. बाकीचा भाग हाताला कोरडा लागतो, पण रात्री ठेवलेला तांब्या सकाळी चिकटला आणि उचलताना रंग घेऊन आला. मूर्ती यावरच बसणार आहे. वरून क्लिअर लॅकर मारलं तर भागेल का? लवकर सांगा.

रंधा
लाकूड कुठलं? प्रायमर तेलाचा की पाण्याचा? स्प्रे कॅनचा की गनने? दोन हातांत किती वेळ सोडला? हे कळेपर्यंत लॅकरला हात लावू नका.

चाळकरी
पावसाळ्यात स्प्रेच्या भानगडीत पडूच नये. १ मिमीचा सनमायका आणा, फेविकॉल लावा, रात्रभर वजन ठेवा. वर पाणी सांडलं तरी चिंता नाही.

रंधा
@चाळकरी, फेविकॉल पाण्यातला आहे, त्याला शोषणारं लाकूड लागतं. मऊ रंगावर तो धरणार कशाला? रंगासकट सनमायका सुटून येईल.

नवा_सुतार
टॉप १८ मिमी एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड), पाय पाइनचे. प्रायमर घरात होता तोच, टर्पेंटाइन घालून ब्रशने मारला. चार तासांनी कॅनचे दोन हात, तिसरा दुसऱ्या दिवशी. प्रायमरचा काय संबंध? तो तर खाली आहे.

रंधा
सगळा संबंध त्याचाच. टर्पेंटाइनने पातळ होतो म्हणजे तेलाचा. तो नुसता वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू कडक होतो, आणि मुंबईच्या दमट हवेत आणखी वेळ लावतो. वर साय धरते, आत मऊच. कॅनमधलं थिनर जहाल असतं, ते त्या अर्धवट सायीत शिरलं, साय फुगली आणि सुरकुतली. पहिले दोन हात पातळ होते आणि तेव्हा प्रायमर अगदी ताजा होता म्हणून निभावलं. लॅकरमध्येही तसंच थिनर, म्हणजे उरलेला अर्धा भागही जाईल. शिवाय ढगाळ दिवशी लॅकर दुधासारखं पांढरट पडतं.

टॉप पूर्ण खरवडा. आधी स्क्रॅपर, कारण मऊ रंगात पॉलिश पेपर लगेच भरतो. मग थिनरच्या फडक्याने पुसून १२० आणि १८० नंबर. पाणी अजिबात नको, एमडीएफ फुगेल. कडा जास्त पितात, त्यांना सीलरचा (छिद्रं बुजवणाऱ्या थराचा) एक हात जादा द्या आणि २२० ने घासा. मग गनने टू-पॅक पीयू, म्हणजे ऐनवेळी हार्डनर मिसळून कडक होणारा पॉलियुरेथेन रंग: सीलर, प्रायमरचे दोन हात, ३२० ने घासून पांढऱ्याचे दोन पातळ हात. पाय पाइनचे असले तरी तोच प्रायमर असेल तर तेही खरवडा.

पाण्याचा_रंग
फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला टू-पॅक सांगू नका. पाण्यातलं पीयू फोमच्या रोलरने लावा, वास नाही, गन नाही.

रंधा
वासाचा मुद्दा मान्य. पण पाण्यातलं पीयूही या हवेत सावकाश वाळतं, आणि कच्च्या एमडीएफवर थेट लावलं तर तंतू उभे राहतात. ९ दिवसांत तांब्याखाली टिकणारा थर हवा असेल तर टू-पॅकच. हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलंय तेच, अंदाजे नाही. एनसी थिनर (साध्या लॅकरचं थिनर) त्यात ओतू नका, त्यातलं अल्कोहोल हार्डनरशीच जुळतं आणि थर मऊ राहतो. कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर लावाच, ओलाव्याने रंगात बुडबुडे येतात. गनला १.३ किंवा १.४ मिमीचा नोझल, नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या बाजारात मिळतो. अंतर वीतभर.

आणि मास्क ऑरगॅनिक व्हेपर काट्रिजचाच (थिनरची वाफ शोषणारा), त्यावर कणांचा फिल्टरही लावून. साधा एन-९५ कण अडवतो, वाफ नाही. हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसांना दम्यासारखा त्रास लावू शकतं. देवघरातला दिवा विझवा, गॅस बंद.

नवा_सुतार
गच्चीवर करता येईल?

चाळकरी
सोसायटीला विचारा आधी. शेजारच्या गाड्यांवर तुषार बसला की सेक्रेटरी दारात.

रंधा
गच्चीवर वारा असतो, अर्धा रंग उडून जातो आणि धूळ बसते. तीन बाजूंनी प्लास्टिक लावा. ३ दिवसांत रंग आटपला तर ६ दिवस कडक व्हायला मिळतात. तोवर वर काहीही ठेवू नका, कापडसुद्धा नाही, त्याचा ठसा उमटतो.

गिरगावकर
मूर्ती शाडूची की पीओपीची? शाडूची बरीच जड असते. टॉपची लांबी किती आणि खाली आधार आहे का?

नवा_सुतार
शाडूची, दीड फुटाची. टॉप ४ फूट, आधार फक्त पायांचा.

गिरगावकर
मग मध्ये वाकणार, एमडीएफ वजनाखाली हळूहळू झोळ धरतं. खालून लांबीभर पाइनच्या दोन पट्ट्या कडेवर उभ्या बसवा, रंगाच्या आधी. स्क्रू मारण्याआधी ड्रिलने भोक पाडा, नाहीतर एमडीएफ चिरतं. आणि खालची बाजूही सील करा, नुसतं वरूनच बंद केलं तर खालून ओल खेचून टॉप वाकडा होईल.