दांडीवर डोळे असलेली माशी: फोटोसाठी काय घ्यावं? (बजेट ८,००० रु.)

नवखा_निफाडकर
नमस्कार मंडळी. गेल्या पावसाळ्यात त्र्यंबकच्या पुढे एका ओढ्याकाठी, सावलीतल्या पानावर एक बारकी माशी दिसली. डोक्यातून दोन्ही बाजूंना आडव्या दांड्या निघालेल्या आणि डोळे त्या दांड्यांच्या टोकाला. मोबाईलमध्ये आला तो नुसता तपकिरी ठिपका. शोधाशोध केल्यावर कळलं की हे डायॉप्सिडी कुळ. यंदा नीट फोटो काढायचाच आहे. माझ्याकडे जुना कॅनन ७००डी आणि त्याच्यासोबतची १८-५५ लेन्स आहे. बजेट ८,०००, वर एक रुपया नाही, घरी तसं कबूल केलंय. काय घेऊ? आणि शोधू कुठे?

कॅमेराग्रस्त
डोळे झाकून कॅननची १०० एमएम एल मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून काढायची लेन्स. माझ्याकडे आहे. स्टॅबिलायझर आहे, ओल्या हवेत त्रास देत नाही. चतुराचे फोटो टाकतो रात्री.

नवखा_निफाडकर
दादा, बजेट वर लिहिलंय.

कॅमेराग्रस्त
वाचलं. आठ हजारांत मॅक्रो होत नसते. हप्त्यावर घ्या.

गोदाकाठ
१०० एल फक्त १:१ देते, म्हणजे सेन्सरवर माशी खऱ्या आकाराएवढीच उमटते. ७००डीचा सेन्सर सुमारे २२ मिलिमीटर रुंद. सहा मिलिमीटरची माशी त्यात जेमतेम पाव फ्रेम व्यापणार. घ्यायचीच तर लाओवाची दुप्पट मोठं दाखवणारी घ्या. मॅन्युअल फोकस आहे, पण मॅक्रोत ऑटोफोकस वापरतं कोण?

कॅमेराग्रस्त
मी वापरतो.

सिन्नरचे_काका
माशीसाठी आठ हजार? भाऊ, आमच्या स्टँडवर या, मिसळीच्या प्लेटवर फुकट बसतात. हव्या तेवढ्या काढा.

सह्यभटक्या
रेनॉक्स २५० घ्या. जवळचं मोठं दाखवणारी भिंग आहे, क्लिपसारखी लेन्सच्या पुढे बसते, बजेटमध्ये येते. माझ्या ५५-२५० वर कायम लावलेली असते. विषय संपला.

आळशी_ट्रेकर
+१ रेनॉक्स.

मुंग्यांचा_मागोवा
कोणी रेनॉक्स सुचवलं का? रेनॉक्स २५० घ्या.

पेठरोडवाला
रेनॉक्स चांगलीच आहे, पण वरच्या तिघांनी प्रश्न नीट वाचलेला नाही. ती आठ डायॉप्टरची भिंग. २५० एमएमवर लावली तर साधारण दुप्पट वाढ मिळते. यांच्याकडे १८-५५ आहे. ५५ वर लावली तर १:१ सुद्धा नीट मिळणार नाही. म्हणजे रेनॉक्स अधिक ५५-२५० असा हिशोब धरा, सेकंडहँड मिळाली तरी आठच्या वर जातं.
त्यापेक्षा एक्स्टेन्शन ट्यूब बघा, कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी पोकळ नळी. संपर्कपिना असलेल्याच घ्या. बिनपिनांच्या स्वस्त ट्यूबवर कॅनन लेन्सचं छिद्र (ॲपर्चर) कॅमेऱ्यातून बंद करता येत नाही.

सह्यभटक्या
ट्यूब लावली की उजेड मरतो. रेनॉक्सला तो प्रश्नच नाही.

पेठरोडवाला
फ्लॅश लागणारच आहे, सावलीतली माशी आहे. ७००डीवर फ्लॅश १/२०० सेकंदाच्या शटरपर्यंत चालतो. वरचा छोटा फ्लॅश, त्याच्यापुढे बटर पेपर, झालं काम.

गोदाकाठ
बटर पेपर नको, पावसात लगदा होतो. थर्मोकोलची पातळ शीट.

रानवाट
सामानाचं चालू द्या. माशी कुठे सापडते हे कोणीच सांगितलं नाही म्हणून लिहिते.
दमट, सावलीची जागा हवी. ओढ्याकाठची झुडपं, गुडघ्याच्या खालची पानं, शेवाळलेला दगड. उघड्या कातळावर वेळ घालवू नका. काही जाती संध्याकाळी काठावरच्या लोंबत्या मुळ्यांवर घोळक्याने जमतात, म्हणून उजेड उतरायच्या आधीचा तास फार कामाचा. सकाळी गारव्यात हालचाल मंद असते, तेव्हा जवळ जाता येतं. आपली सावली तिच्यावर पडू देऊ नका.
अळ्या बहुतेक जातींत कुजणाऱ्या पाल्यावर वाढतात, तेव्हा जिथे पाचोळा ओला राहतो तिथे आधी बघा. (आफ्रिकेत यांच्यातल्या काही जातींच्या अळ्या भाताचं खोड पोखरतात.)
आणि ती दुर्मीळ आहे हे मला तरी पटत नाही. बघणारे दुर्मीळ आहेत.

नवखा_निफाडकर
ताई, खूप आभार. पण मी एकदाच पाहिली, त्यानंतर बरंच फिरलो तरी नाही.

आळशी_ट्रेकर
बागेतल्या फळमाशीला दुर्मीळ समजला असाल.

रानवाट
फळमाशीचे डोळे दांडीवर नसतात. दुसऱ्या काही कुळांतही रुंद डोक्याच्या माश्या असतात, पण त्यांच्या मिशा मध्येच राहतात. डायॉप्सिडीत मिशासुद्धा दांडीवर, डोळ्याच्या शेजारी. फोटोत आधी तेच तपासा.

अंजनेरी_प्रेमी
माश्या हव्यात तर अंजनेरीला कंदीलपुष्प शोधा. सेरोपेजिया अंजनेरिका, २००६ सालापर्यंत विज्ञानाला माहीत नव्हती. फुलाच्या नळीत आतल्या बाजूला वळलेले केस असतात. माशी आत शिरते, केस मरगळेपर्यंत अडकते, मग पराग घेऊन सुटते. मी नळीच्या तोंडाशी माशी टिपलेली आहे. असा फोटो नाशकात दुसऱ्या कोणाकडे असेल असं वाटत नाही.

पेठरोडवाला
माझ्याकडे आहे.

रानवाट
त्या माश्या वेगळ्याच, एक-दोन मिलिमीटरच्या, यांच्या प्रश्नाशी संबंध नाही. आणि कृपया फुलांच्या जागा धाग्यावर लिहू नका. तो भाग संवर्धन राखीव आहे. फोटोसाठी लोक आडवे झोपतात आणि शेजारची रोपं दाबून टाकतात.

अंजनेरी_प्रेमी
मी कधीच झोपत नाही.

सिन्नरचे_काका
आम्ही झोपतो. दुपारी.

मुंग्यांचा_मागोवा
जाळी घेऊन जा, माशी पकडा, डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवा, मग घरी टेबलावर आरामात काढा. परदेशी लोक असंच करतात.

रानवाट
राखीव जंगलात पकडापकडीला वनखात्याची परवानगी लागते. फ्रीजचा फोटो निसर्गफोटो म्हणून टाकणार असाल तर निदान तसं लिहा तरी.

गोदाकाठ
एक सांगायचं राहिलं. या माशीचे दोन्ही डोळे एका फोकसमध्ये आणणं हीच खरी परीक्षा. दुप्पट वाढीला फोकसची खोली एक मिलिमीटरही नसते. तिरका कोन घेतला की एक डोळा गेलाच. अगदी समोरून किंवा अगदी वरून घ्या, सेन्सर दांडीला समांतर. जात ओळखायला मात्र एक बाजूचाही हवा: पंखावरचे पट्टे, छातीवरचे काटे आणि पुढच्या पायांची जाड मांडी दिसली पाहिजे. याच कुळातल्या स्फायरासेफाला प्रकारात दांड्या आखूड असतात, तेही लक्षात ठेवा.

आळशी_ट्रेकर
रिव्हर्स रिंग, म्हणजे लेन्स उलटी बसवायची कडी, लावून बघितलं होतं एकदा. तीनशेचं खेळणं. काहीच दिसत नाही, लेन्सच्या मागच्या काचेवर धूळ बसते. पैसे वाया.

कॅमेराग्रस्त
खेळणंच आहे ते. १०० एल घ्या.

त्र्यंबकचा_रहिवासी
लेन्सचं मला कळत नाही. ओढ्याचं कळतं. इथे ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस पडत असतो, आणि पाणी काही मिनिटांत चढतं. दुगारवाडीच्या धबधब्याला लोक असेच पलीकडे अडकतात. खाली वाकून भिंगातून बघणाऱ्याला पाणी गढूळ झालेलं कळतच नाही. एकजण सोबत ठेवा, त्याने फक्त पाणी बघायचं.

सह्यभटक्या
आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, नाहीतर लेन्सला बुरशी. रेनॉक्सलाही लागते, मला माहीत आहे.

नवखा_निफाडकर
सगळ्यांचे आभार. निर्णय झाला: ५८ एमएमची रिव्हर्स रिंग. १८-५५ उलटी लावली की १८ कडे नेल्यावर वाढ सर्वांत जास्त मिळते, माशी फ्रेमभर येते. छिद्र बंद ठेवायची युक्तीही सापडली: लेन्स सरळ असताना एफ ८ ठेवायचं, डेप्थ ऑफ फील्डचं बटण दाबून धरायचं आणि तशीच लेन्स काढायची. पाती तिथेच राहतात. घरी तांदळाच्या दाण्यावर करून पाहिलं. लेन्स अगदी नाकाशी न्यावी लागते हे खरं. उरलेल्या पैशांतून गमबूट, रेनकोट आणि गावातल्या एका मुलाचा रोज, पाणी बघायला.

कॅमेराग्रस्त
वाढ मिळेल, शार्पनेस विसरा.

पेठरोडवाला
चालेल तसं. पण घरात एखादी जुनी, छिद्राची रिंग असलेली रोलच्या कॅमेऱ्याची २८ एमएम पडली असेल तर ती उलटी लावा. बटणाची कसरत वाचते.

सह्यभटक्या
एवढं सांगून शेवटी रिंग! रेनॉक्स सेकंडहँड मिळते हो.

त्र्यंबकचा_रहिवासी
श्रावणात येणार असाल तर तिसरा सोमवार टाळा. ब्रह्मगिरीच्या फेरीला सगळा रस्ता माणसांनी भरतो, खाजगी गाड्या बऱ्याच आधी अडवतात. आदल्या दिवशी दुपारपासूनच सुरू होतं. मंगळवारी या, ओढ्यावर कोणी नसतं.