मदरबोर्ड बदलल्यावर मिंट बूट होत नाही, डिस्क मात्र दिसते

वाळपईकर:
नमस्कार मंडळी, परतीच्या पावसात वीज पडली त्यात बाबांच्या कॉम्प्युटरचा बोर्ड गेला. जुना एच८१ होता, दुकानदाराने एच६१०, बाराव्या जनरेशनचा आय३ आणि नवी रॅम बसवून दिली, हार्ड डिस्क जुनीच, तिच्यात लिनक्स मिंट २० (विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टिम). आता चालू केला की सरळ बायोसमध्येच (बोर्डाच्या सेटिंगच्या स्क्रीनवर) जातो. साटाच्या (डिस्क जोडायच्या पोर्टांच्या) यादीत डिस्क दिसते पण बूटच्या यादीत काहीच नाही, सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करू देणारी सोय) चालू करायला गेले तर तो ऑप्शन करडा, हलतच नाही. मिंट २० चा पेनड्राइव्ह लावला तर लोगो येतो आणि मग काळी स्क्रीन. दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारा. पण डिस्कवर बाबांनी टाइप केलेल्या मंडळाच्या नाटकांच्या संहिता आहेत, जत्रा तोंडावर आल्यात आणि बॅकअप अर्धाच आहे. काय करू?

फोंडेकर:
ताई, फॉरमॅट अजिबात करू नका, लक्षणांवरून डेटा शाबूत वाटतोय. एच८१ वर मिंट बहुतेक लेगसी मोडमध्ये, म्हणजे जुन्या बायोस पद्धतीने, घातलेलं असणार. इंटेलच्या ५०० सिरीजपासून पुढे प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर सीएसएम चालत नाही म्हणून तो ऑप्शन करडा, बोर्डात दोष नाही. नवा बोर्ड यूईएफआय या नव्या पद्धतीनेच बूट करणार, तो डिस्कवर फॅट३२ फॉरमॅटचं छोटं ईएफआय पार्टिशन (बूटच्या फाइल्सचा वेगळा कप्पा) शोधतो, ते सापडत नाही म्हणून बायोसमध्ये जाऊन बसतो. आणि काळी स्क्रीन का, तर मिंट २० चा कर्नल (सिस्टिमचा गाभा) ५.४ हा २०१९ चा, तुमचा प्रोसेसर त्याच्या नंतरचा, त्याला हे ग्राफिक्स माहीतच नाही. मिंट २२ चा पेनड्राइव्ह बनवा, कर्नल ६.८ आहे. लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच, चालू करा, फाइल मॅनेजरमध्ये जुनी डिस्क उघडा आणि आधी होम फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. इन्स्टॉलचं बटण त्यानंतर.

म्हापसेकर:
वरचं सगळं बरोबर. जीपार्टेड या प्रोग्रामने जुन्या डिस्कवरचं पार्टिशन आकसून ईएफआय पार्टिशन बनवता येतं, पण माझं मत विचाराल तर विजेचा झटका खाल्लेल्या डिस्कवर असली ओढाताण नको. लाइव्हमध्येच ‘डिस्क्स’ हा प्रोग्राम उघडून स्मार्ट (डिस्कच्या तब्येतीचा अहवाल) बघा, रीअलोकेटेड किंवा पेंडिंग, म्हणजे खराब किंवा संशयित, सेक्टर वाढलेले असतील तर ती बदलायचीच. छोटी एसएसडी घ्या आणि मिंट २२ तिच्यावर घाला. इन्स्टॉल करताना जुन्या डिस्कची साटा केबल काढून ठेवा हां, कारण दोन डिस्क असल्या की इन्स्टॉलर कधीकधी बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम) भलत्याच डिस्कवर टाकतो, आणि चुकून जुनी डिस्क पुसली जायची भीतीही राहत नाही. नंतर केबल लावून एफएसटॅबमध्ये (बूट होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्या यादीच्या फाइलमध्ये) यूयूआयडीने, म्हणजे पार्टिशनच्या ओळख क्रमांकाने, ओळ घाला आणि तिच्यात नोफेल हा पर्याय लिहा, म्हणजे पुढेमागे ती डिस्क मेली तरी मशीन बूट होताना अडकणार नाही.

वाळपईकर:
दोघांचेही खूप आभार!! मिंट २२ लाइव्ह लगेच चालू झालं, संहिता सगळ्या मिळाल्या, कॉपी झाल्या, बाबांनी एकेक उघडून बघितली. एसएसडीवर इन्स्टॉलही झालं. फक्त अपडेट करायला गेले की रिलीज फाइल अजून व्हॅलिड नाही असं काहीतरी येतंय. आणि जुन्या डिस्कवरच्या फाइल्स बाबांना एडिट करता येतील ना?

फोंडेकर:
घड्याळ बघा, नव्या बोर्डावर तारीख मागची असणार. तारीख जुनी असली की एपीटी (अपडेट आणणारा प्रोग्राम) असंच म्हणतं, ब्राउझरमध्येही सर्टिफिकेटच्या तक्रारी येतात. बायोसमध्ये तारीख नीट करा, बंद केल्यावर परत मागे जात असेल तर बोर्डावरचा सेल बदलून घ्या. एडिटचं म्हणाल तर मिंटमध्ये पहिल्या यूझरचा नंबर १००० असतो, जुन्यातही तोच असणार, त्यामुळे बाबांचं खातं पहिलं बनवलं असेल तर काही करावं लागणार नाही.

म्हापसेकर:
आणि ताई, घरचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनला दाखवून घ्या. वीज लॅनच्या केबलमधूनही येते, ढग गडगडायला लागले की प्लगबरोबर तीही काढा.