कुंडीतल्या तपकिरी वाट्या आणि सरसोंच्या (मोहरीच्या) खोडातला पांढरा रोग, दोन्ही एकच बुरशी आहे का? (ग्वाल्हेर)

लष्करची_गच्ची

नमस्कार मंडळी. आम्ही ग्वाल्हेरला लष्कर भागात राहतो, गच्चीवर तुळस, टोमॅटो, मिरची, गुलाब अशा बऱ्याच कुंड्या आहेत आणि शेणखत डबरा गावाजवळच्या आमच्या शेतावरून पोत्यात भरून येतं. यंदा काही कुंड्यांत मी खताबरोबर लाकडाचा भुसा पण घातला होता, आणि नेमक्या त्याच कुंड्यांत आता पाऊस लागल्यावर फिकट तपकिरी रंगाच्या वाट्या उगवल्यात. देठ असा नाहीच, मातीला चिकटूनच बसल्यात, काठ चिरलेले, आतून गुळगुळीत आणि बाहेरून पीठ लावल्यासारख्या, बोट लावलं की कडकन मोडतात. काल एकीला पाण्याच्या झारीचा धक्का लागला तर तिच्यातून चक्क धूर निघाला!

एरवी मी काढून फेकून दिल्या असत्या पण भीती वेगळीच आहे. गेल्या थंडीत शेतातली सरसों ऐन फुलावर असताना ठिकठिकाणी उभीच्या उभी सुकली, खोडावर बुडापासून वीतभर उंचीवर पांढरा कापूस आल्यासारखं दिसत होतं आणि खोड चिरलं तर आत काळे कडक दाणे निघाले. शेत बटाईवर आहे, आमचा बटाईदार सांगतो की त्याच्या आधी धुकं पडत होतं तेव्हा झाडांखाली जमिनीवर इवल्या इवल्या वाट्या आल्या होत्या. आता मला सांगा, खताबरोबर तोच रोग माझ्या गच्चीवर आला का? टोमॅटोला धोका आहे का? आणि ऑक्टोबरमध्ये त्या शेतात परत सरसों पेरायची की नाही, घरात रोज त्यावरून वाद चाललाय.

जुनी_प्रयोगशाळा

ताई, वर्णन इतकं नीट दिलंय की पहिलं उत्तर लगेच देता येतं. कुंडीतल्या वाट्या बहुतेक पेझायझा गटातल्या आहेत. नक्की जात कोणती ते मायक्रोस्कोपशिवाय कोणी सांगू नये, पण शेणखत आणि कुजकं लाकूड हे या गटाचं आवडतं खाणं आहे, यातली एक जात तर घरातल्या ओल आलेल्या भिंतीवर आणि प्लास्टरवर सुद्धा उगवते. ही बुरशी मेलेलं खाते. लाकडाचा भुसा, शेणातला न पचलेला कडबा, यातलं सेल्युलोज वगैरे फोडून ते परत मातीत मिसळायचं काम ती करते, जिवंत मुळाला ती हात लावत नाही. आपल्याला दिसते ती वाटी म्हणजे फक्त फळ, खरी बुरशी खाली भुशात पांढऱ्या बारीक धाग्यांनी पसरलेली असते, त्यामुळे वाट्या उपटल्या तरी ती जात नाही आणि तशी घालवायची गरजही नाही.

आता तो धूर. वाटीच्या आतल्या अंगाला लांबट नळ्यांसारख्या सूक्ष्म पिशव्या हजारोंनी उभ्या रचलेल्या असतात, एकेका पिशवीत बहुधा ८ बीजाणू. पिशवीत पाण्याचा दाब वाढत जातो आणि धक्का लागला, वारा आला, हवेतली ओल एकदम बदलली की खूप पिशव्या एकाच वेळी फुटतात, अगदी शांत जागी कान लावला तर काही जातींचा फुस्स असा आवाजही येतो. याच्यावर २०१० मध्ये एक सुंदर काम छापून आलं होतं, त्यात दाखवलंय की एकटा बीजाणू कितीही वेगाने सुटला तरी हवेच्या अडथळ्याने काही मिलिमीटरवरच थांबतो, पण सगळे एकदम सुटले की त्यांचा मिळून एक झोत तयार होतो आणि मागचे बीजाणू त्या झोतावर कितीतरी पुढे जातात. इतक्या छोट्या जिवाने स्वतःपुरता वारा तयार करावा हे मला अजूनही फार विलक्षण वाटतं. आणि बरं का, हे काम त्यांनी ज्या बुरशीवर केलं ती तुमच्या शेतातलीच, म्हणजे स्क्लेरोटिनिया.

म्हणजे दोन्ही वाट्या एकाच मोठ्या घराण्यातल्या आहेत, बांधणी तीच, पण बुरशी एक नाही. त्याबद्दल सविस्तर शेती करणाऱ्यांनी लिहावं.

हिरवी_बाल्कनी

मी तर म्हणते रिस्क नको. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आणून सगळ्या कुंड्यांत ओता, वाट्या आणि वरची माती काढून फेका. घरात टोमॅटो खायचे आहेत, बुरशी कशाला ठेवायची.

जुनी_प्रयोगशाळा

खायचे टोमॅटो आहेत म्हणूनच उगाच औषध ओतू नये असं माझं स्पष्ट मत आहे. जी बुरशी रोग करत नाही तिच्यासाठी बुरशीनाशक ओतलं तर कुजण्याचं काम मंदावतं, सोबतच्या चांगल्या बुरश्या मरतात आणि टोमॅटोला काहीच मिळत नाही. हां, एक गोष्ट तपासा ताई, त्या कुंड्यांतली झाडं पिवळी पडताहेत का? पडत असतील तर लोक वाट्यांना दोष देतात पण कारण कच्चा भुसा असतो. लाकूड कुजवताना बुरश्या आणि जिवाणू मातीतलं नत्र स्वतःसाठी ओढून घेतात, झाडाला कमी पडतं. भुसा आधी वेगळा कुजवून मग घाला किंवा नुसता वरून पसरा, मातीत कालवू नका. वाट्या दोनचार आठवड्यांत आपोआप वितळून जातील. लहान मुलं असतील तर तेवढ्या काढून टाका, खायच्या वस्तू नाहीत त्या. गुच्छी नावाची खायची अळंबी पण याच घराण्यातली आहे हे खरं, पण ती सुद्धा कच्ची खाल्ली तर बाधते, तेव्हा नातं बघून कोणी चव घेऊ नये.

अजून एक. वाटीत चपट्या गोळ्या दिसल्या तर ती तिसरीच गोष्ट, तिला पक्ष्याच्या घरट्याची बुरशी म्हणतात, पावसाचा थेंब आत पडला की गोळ्या उडून लांब जाऊन पडतात. ती छत्रीवाल्या अळंब्यांच्या बाजूची, वाटीवाल्या घराण्यातली नाही, पण तीही कुजवणारीच आणि निरुपद्रवी.

मोरारचा_शेतकरी

ताई शेतातलं जे सांगितलंत ते शंभर टक्के तना गलन म्हणजे खोडकूज, स्क्लेरोटिनिया. आमच्याकडे मुरैना भिंड ग्वाल्हेर सगळ्या पट्ट्यात सरसों एवढी होते आणि एकाच शेतात वर्षानुवर्षं होते म्हणून हा रोग घट्ट बसलाय. खोडातले ते काळे दाणे, दिसायला उंदराच्या लेंड्यांसारखे, त्यांनाच स्क्लेरोशिया म्हणतात. ते बी नाही, बुरशीने स्वतःला घट्ट गुंडाळून केलेली गाठ आहे. कापणीत ते जमिनीवर सांडतात आणि मातीत अनेक वर्षं जिवंत राहतात. मग डिसेंबर जानेवारीत थंडी पडली, फुलावर पाणी दिलं, वरून धुकं, सरसों दाट झाल्यामुळे खाली ऊन पोचत नाही, जमीन दहाएक दिवस ओलीच राहिली की वरच्या दोनतीन सेंटिमीटरमधले दाणे उगवतात आणि त्यांच्यातून बारीक देठावर बदामी रंगाची वाटी येते, अर्धा सेंटिमीटर, फारतर एक. बटाईदाराची नजर चांगली आहे, बहुतेकांना ती दिसतच नाही.

ओळखायची खूण सांगतो. वाटी ओढू नका, खुरपीने खालच्या मातीसकट उचला आणि पाण्यात हळू धुवा. देठ खाली काळ्या दाण्याला जोडलेला निघाला तर ती रोगाची. खाली शेण, भुसा, काडी निघाली तर कुजवणारी. गच्चीवर तुम्ही हे पाच मिनिटांत करून बघू शकता. आणि आत्ता एवढ्या उकाड्यात स्क्लेरोटिनियाची वाटी येतच नाही, तिला १० ते २० अंशांच्या आसपासची थंड ओल लागते.

जुनी_प्रयोगशाळा

दादांनी खूण फार छान सांगितली. त्यात एक भर घालतो कारण सगळं कोडं तिथेच सुटतं. स्क्लेरोटिनियाच्या वाटीतून लाखो बीजाणू उडतात, पण ते धडधाकट हिरव्या खोडावर पडले तर सहसा काही करू शकत नाहीत. त्यांना सुरुवातीला मेलेलं किंवा मरायला टेकलेलं खाणं लागतं. सरसोंच्या गळलेल्या पाकळ्या पानांच्या बेचक्यात, खोडाला चिकटून राहतात, बीजाणू त्या पाकळीवर रुजतो, पाकळी खाऊन अंगात बळ आणतो आणि मग तिथून ऑक्झॅलिक अॅसिड सोडत शेजारच्या जिवंत खोडात घुसतो, अॅसिडने पेशी मरतात आणि बुरशी मेलेल्या पेशी खात पुढे सरकते. म्हणजे पाकळीवर ती कुजवणारी असते आणि खोडात जाऊन मारणारी होते, म्हणूनच रोग ऐन फुलावर दिसतो.

गंमत म्हणजे १८३७ मध्ये मारी-ॲन लिबेर या बेल्जियमच्या बाईंनी हिचं पहिलं वर्णन केलं तेव्हा हिला पेझायझाच म्हटलं होतं, कारण वाटी दिसली की पेझायझा असाच तेव्हाचा हिशोब. नंतर १८८४ मध्ये आंतोन द बारी यांनी आताचं नाव दिलं. तुमची शंका, ताई, त्या काळच्या अभ्यासकांनाही आली असती.

लंडनहून_ग्वाल्हेरकर

वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. माहेर जिवाजीगंज, आता बरीच वर्षं इंग्लंडमध्ये. इकडे ॲश नावाची मोठी झाडं आहेत, रस्त्याच्या कडेला, कुंपणांत, सगळीकडे, आणि ती वाळत चाललीत, धोका नको म्हणून कौन्सिल कापून टाकते. हे पण वाटीवाल्या बुरशीनेच केलंय, हायमेनोस्किफस फ्रॅक्सिनियस. पोलंडमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला झाडं वाळताना दिसली, ब्रिटनमध्ये २०१२ ला सापडली. उन्हाळ्यात झाडाखालच्या गेल्या वर्षीच्या पानांचे देठ उचलले तर त्यांच्यावर पांढऱ्या टिकल्याएवढ्या वाट्या दिसतात, त्यातून बीजाणू उडून वरच्या ताज्या पानांवर जातात, पानातून फांदीत.

आणि मला सगळ्यात चटका लावणारी गोष्ट अशी की हिची सख्खी बहीण युरोपात आधीपासून होती, हायमेनोस्किफस अल्बिडस, ती याच ॲशचे गळलेले देठ बिचारी कुजवत बसायची, झाडाला कधी त्रास नाही. दोघींच्या वाट्या नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत नाहीत. बाहेरून आलेली सुद्धा तिच्या मूळ मुलखात, पूर्व आशियात, तिथल्या ॲशवर फारसं नुकसान न करता राहते, तिथलं झाड तिला पिढ्यान्‌पिढ्या ओळखतं. इकडच्या झाडाची तिच्याशी कधी गाठच पडली नव्हती. आणि रोगवाली आल्यावर ती साधी बहीण पण कमी होत चाललीय कारण जागा तीच, देठ तेच. त्यामुळे ताई, वाटी दिसली म्हणून सरसकट मारू नका असं मी पण म्हणेन.

लष्करची_गच्ची

सगळ्यांचे मनापासून आभार, आज सकाळीच खुरपीने उचलून धुवून बघितलं, खाली लाकडाचा भुसा आणि पांढरे धागे, काळा दाणा एकही नाही. जीव भांड्यात पडला. आता राहिला शेताचा प्रश्न. सासरे म्हणतात सरसोंला भाव आहे, तीच पेरू, दीर म्हणतात चना टाकू. बटाईदार म्हणतो खोल नांगरून टाकतो. आणि रोगट खोडं गेल्या वर्षी उकिरड्यातच टाकली होती म्हणे, ते खत यंदा शेतात जाणार आहे.

मोरारचा_शेतकरी

चना अजिबात नको! ही बुरशी चारशेहून जास्त जातींच्या झाडांवर जगते, चना, मटार, बटाटा, टोमॅटो, वांगं, कोबी, सूर्यफूल, सगळे तिचे यजमान, बांधावरचा बथुआ (चाकवत) सुद्धा. चना टाकला म्हणजे तिला दुसरं ताट वाढलं. गहू किंवा जव घ्या, त्यांच्यावर ती जगत नाही. एका वर्षाने सुटका नाही, दोनतीन रब्बी तरी त्या तुकड्यात गहू राहू द्या, सरसों दुसऱ्या तुकड्यात घ्या. डबऱ्याकडे कालव्याचं पाणी असेल तर पुढच्या पावसाळ्यात तिथे धान लावा, महिनाभर पाणी साचलेल्या मातीत हे दाणे कुजून जातात, हा मला सगळ्यात खात्रीचा उपाय वाटतो आणि खर्चही वेगळा नाही.

खोल नांगरट ठीक आहे, दाणा खाली गाडला गेला की त्याची वाटी वर पोचत नाही, पण पुढच्या वर्षी परत तितकंच खोल नांगरलं तर गाडलेले दाणे पुन्हा वर येतात, हे बटाईदाराला नक्की सांगा. एकदाच खोल, नंतर दोनतीन वर्षं वरवर. सरसों जिथे पेराल तिथे विरळ पेरा, युरिया भरमसाठ नको, फुलावर असताना धुकं असेल तर पाणी लांबवा. ट्रायकोडर्मा कुजलेल्या शेणखतात वाढवून पेरणीआधी द्या, ही उपयोगी बुरशी या काळ्या दाण्यांवरही वाढून त्यांना मारते. फवारणी करायची वेळ आलीच तर फुलं उमलायला लागली तेव्हाच, खोड पांढरं झाल्यावर पैसे वाया. औषध कोणतं, किती, ते कृषी विज्ञान केंद्रात विचारा, नाहीतर इथेच राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विद्यापीठात खोडाचा तुकडा घेऊन जा, दाखवून घ्या.

उकिरड्याचं मात्र आत्ताच बघा. त्या बाजूचं खत शेतात आणि गच्चीवर दोन्हीकडे नको, वेगळं काढा, दाणे दिसले तर जाळा. आणि बी घरचं ठेवलं असेल तर आधी चाळा, सरसोंचा दाणा खाली पडतो आणि मोठे काळे दाणे चाळणीवर राहतात, बारीक तुकडे मात्र चाळणीतूनही खाली जातात म्हणून सुपात घेऊन हाताने एकदा निवडा, माझ्या मते तर त्या रोगट तुकड्यातलं बी पेरायला ठेवूच नका, तेलाच्या घाणीला द्या आणि बी नवीन आणा.