‘स्वतःलाच रजिस्टर पोस्ट करा’ हा सल्ला देणं बंद करा

काळी_चार
काल कोणीतरी नव्या गीतकारांना सांगितलं: गाणं कागदावर उतरवा, स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवा, पाकीट फोडू नका, झाला कॉपीराइट. अहो, अशाने पोरं फसतात! उघडं पाकीट आधी पाठवून कागद नंतरही भरता येतो, हे समोरचा वकील पहिल्या तारखेलाच दाखवून देईल. कॉपीराइट कार्यालयात नोंदणी करा. फॉर्म १४ भरा. शब्द ही साहित्यकृती, ५०० रुपये. चाल ही संगीतकृती, तिचे वेगळे ५००. रेकॉर्डिंगचे २,०००. डायरी नंबर, म्हणजे अर्जाचा क्रमांक, पडला की हरकतींसाठी ३० दिवस, मगच तपासणी.

धैवत
म्हणजे गाण्यामागे ३,०००, दहा गाण्यांचे ३०,०००. कशासाठी? गाणं रचलं की हक्क आपोआप येतो. दाव्याला नोंदणीची सक्ती नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये संजय सोया प्रकरणात सांगितलंय. गरीब कलाकाराला उगाच घाबरवू नका.

काळी_चार
सक्ती नाही म्हणजे उपयोग नाही, असं होत नाही. कॉपीराइट कायद्याचं कलम ४८ वाचा, नोंद हा प्रथमदर्शनी पुरावा आहे. ती नसेल तर गाणं आपणच रचलं हे पहिल्यापासून शाबीत करत बसा. आणि अर्ज रखडतात ते एनओसीपायी, म्हणजे ना-हरकत पत्रापायी. शब्द कवीचे आणि अर्जदार संगीतकार, तर कवीची सही हवी. गाणं प्रसिद्ध झालंय आणि प्रकाशक तिसराच, तर त्याचीही.

तिहाई
पाचशे रुपयांवर काय भांडताय? लूट रेकॉर्ड कंपनीशी केलेल्या करारात होते. ‘सर्व हक्क, सर्व माध्यमं, कायमस्वरूपी’ याखाली पोरं डोळे मिटून सही करतात. कॉपीराइट कायद्याच्या २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून कोणालाही लिहून देता येत नाही. मुदत लिहिली नसेल तर करार पाच वर्षांचा, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. हे कोणी शिकवतं का?

धैवत
आणि कंपनीने पैसे कशाला घालायचे? स्टुडिओ, वादक, मिक्सिंग, सगळा खर्च तिचा.

तिहाई
त्या खर्चाचं रेकॉर्डिंग तिला मिळतंच ना! शब्द आणि चाल हे वेगळे हक्क आहेत, ते त्या पैशात फुकट कसे जातील? आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करणाऱ्या कॉपीराइट सोसायटीचं, सदस्यत्व घ्या आणि प्रत्येक गाणं वाटणीच्या टक्क्यांसकट तिथे नोंदवा. नोंदच नसेल तर पैसे कोणाच्या खात्यात जमा करणार?

काळी_चार
धागा नोंदणीचा आहे, कराराचा वेगळा काढा.

तिहाई
नाही काढत. करारात हक्कच गेला तर प्रमाणपत्र घेऊन काय करणार?

धैवत
बरं, पाकिटाचा सल्ला चुकीचा, एवढं मान्य. पण दहाच्या दहा गाण्यांची नोंदणी मला अजूनही पटत नाही. आणि तुकोबांच्या अभंगाला नवी चाल लावली तर काय नोंदवायचं?

काळी_चार
चाल तेवढी, ५०० रुपये. शब्द सर्वांचे आहेत, त्या अर्जात ते घालूच नका. पण चाल खरंच नवी हवी. वारकरी फडावरची पारंपरिक चाल असेल तर तपशिलाच्या तक्त्यात ‘मूळ कृती’ लिहू नका, हरकत आली तर तिथेच अडकाल.