‘कट्यार’ पुन्हा उभं राहिलं तर खाँसाहेब कोण?

षड्जपंचम:
‘कट्यार काळजात घुसली’ हे संगीत नाटक नव्या संचात यावं असं फार वाटतं. राजगायक पंडित भानुशंकर, त्यांच्यापुढे हरत आलेले खाँसाहेब आणि दोघांच्या गायकीमध्ये सापडलेला पंडितजींचा शिष्य सदाशिव यांची ही गोष्ट. पुरुषोत्तम दारव्हेकरांची संहिता, जितेंद्र अभिषेकीबुवांच्या चाली आणि खाँसाहेब म्हणून वसंतराव देशपांडे. १९६७ च्या डिसेंबरात नाट्यसंपदेनं हे नाटक आणलं. २०१० च्या प्रयोगांत वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे खाँसाहेब होते आणि महेश काळे सदाशिव. २०१५ ला सिनेमा आला. आता पुढे कोण?

माझा संच सांगतो. खाँसाहेब पुन्हा राहुलच. २०१० मध्ये ते जेमतेम तिशीचे होते. गळा तयार होता, पण वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या गाण्यापुढे हरत आलेल्या माणसाचा कडवटपणा त्या वयात कुठून आणायचा? वसंतरावांचा जन्म १९२० चा, म्हणजे भूमिका केली तेव्हा ते ४७ वर्षांचे होते. राहुल आज त्या वयाच्या आसपास पोचले आहेत. भानुशंकर पंडितजी म्हणून महेश काळे. कालचा सदाशिव आज गुरूच्या जागी बसलेला बघायला मिळेल, आणि ते अभिषेकीबुवांचेच शिष्य. खाँसाहेबांची मुलगी झरीना, तिच्यासाठी प्रियांका बर्वे. ‘मुघल-ए-आझम’च्या रंगमंचीय अवतारात अनारकली करताना त्या प्रत्यक्ष गात होत्या. पंडितजींची मुलगी उमा, तिच्यासाठी ‘संगीत देवबाभळी’ नाटकातली आवली, शुभांगी सदावर्ते.

सदाशिव मात्र मला सुचत नाही. तुम्ही सांगा.

तिसरी घंटा:
प्रियांका आणि शुभांगी एकदम मान्य. खाँसाहेबांबद्दल मात्र ठाम विरोध. ही भूमिका आधी नटाची आहे. हा माणूस अपमान गिळतो, हवेली आणि राजगायकी मिळाल्यावरही तृप्त होत नाही, विद्या कुलुपात ठेवतो आणि तरी दुसऱ्याचा खरा सूर ऐकला की आतून हलतो. हे सगळं दोन पदांच्या मधल्या गद्यात आहे. मैफलीच्या गायकांना पद आलं की हायसं वाटतं आणि संवाद संपवायची घाई होते, हे मी संगीत नाटकांत वारंवार पाहिलंय. सिनेमात चेहरा सचिन पिळगावकरांचा होता, गळा राहुल यांचा, आणि लोकांनी ते मनापासून स्वीकारलं. रंगमंचावरही ताकदीचा नट घ्या आणि गायकाला साथीदारांमध्ये बसवून प्रत्यक्ष गाऊ द्या.

गोमंतकी:
नाही हो, हे चालणार नाही! सिनेमात कॅमेरा कुठे बघायचं ते ठरवतो. नाटकात चौथ्या रांगेतल्या माणसाला नटाच्या मानेच्या शिरा दिसतात. या नाटकातल्या ‘घेई छंद मकरंद’ या पदाच्या दोन चाली आहेत, एक पंडितजींच्या वळणाची आणि दुसरी खाँसाहेबांच्या. त्या दोन चालींतला फरक हाच नाटकातला झगडा आहे. तान एका देहातून आणि राग दुसऱ्याच्या चेहऱ्यावर, असं झालं तर तो झगडा उरतोच कुठे?

वसंतराव हे उत्तम नटही होते, ते नुसते गायक म्हणून तिथे आले नव्हते. लाहोरला असद अली खाँसाहेबांकडे शिकलेला माणूस तो. खाँसाहेबाची भाषा, बसणं-उठणं, कुणाकडे बघायचं आणि कुणाकडे बघायचं नाही, हे त्यांना नव्याने शिकावं लागलं नसणार.

विंगेतून:
दोघांनाही एक व्यवहाराची गोष्ट विचारतो. तारखा कोण देणार? ज्यांची नावं वर आली त्यांच्या मैफली देशात-परदेशात चालू असतात, महेश काळे तर अमेरिकेत राहतात. नाटक मुरायला सलग प्रयोग लागतात. नाशिक, सांगली, नागपूर असा दौरा काढायचा तर तालीम, प्रवास आणि वर तीन तासांचं गाणं. गळ्याला विश्रांती द्यायची तर मुख्य भूमिकांना दोन-दोन कलाकार तयार ठेवावे लागतील. मी निर्माता असतो तर जाहिरातीत मोठं नाव एकच ठेवलं असतं आणि बाकी संच पूर्णवेळ नाटकाला देणाऱ्यांचा केला असता.

षड्जपंचम:
तारखांचं खरं आहे, पण स्वप्नातला संच ठरवताना तारखा बघायच्या का? ८ जुलै १९२१ चा ‘संयुक्त मानापमान’ आठवा. गंधर्व आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या, टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर एकाच रंगमंचावर! त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले. तेव्हा कुणी सोयीचं गणित मांडत बसलं असतं तर तो प्रयोग झालाच नसता. आणि पंडितजींसाठी दुसरं नाव हवं असेल तर रघुनंदन पणशीकर. किशोरीताई आमोणकरांची तालीम आणि वडील प्रभाकर पणशीकरांच्याच नाट्यसंपदेचं हे नाटक.

सावनी_ठाणे:
इथेच मला खटकतंय. आजोबांची भूमिका नातवाला, वडिलांच्या नाटकात मुलगा. हे सगळे मोठे गायक आहेत, त्यांच्या योग्यतेबद्दल शंका नाही. पण ‘कट्यार’ सांगतं काय? घराण्याची विद्या रक्तात अडकवून ठेवू नका. सदाशिव ना खाँसाहेबांच्या रक्ताचा, ना त्यांनी गंडा बांधून शिष्य केलेला. तो त्यांच्याच हवेलीत चाकर होऊन कान लावून शिकतो. अशा नाटकाचा संच आपण वारसाहक्काने भरायचा? त्याचा स्मृतिसोहळा होईल. मला नवं नाटक बघायचंय.

माझ्या संचात खाँसाहेब म्हणून असा गायक हवा ज्याच्या घरात नाटक नाही, ज्याच्या तोंडी उर्दू सहज बसते आणि ज्याने दिग्दर्शकाला तीन महिने दिले आहेत. नाव माहीत नसलं तरी चालेल. १९६७ च्या झरीना, म्हणजे फैयाज, घराण्याच्या जोरावर नाही, गळा आणि अभिनय या जोरावर उभ्या राहिल्या.

तिसरी घंटा:
सावनी, हा मुद्दा मला पटतो आणि तो माझ्या बाजूचा आहे. तीन महिने संवादांवर घालवणारा गायक मिळाला तर साथीदारांतल्या गळ्याचा हट्ट मी सोडेन. मात्र दिग्दर्शक गद्य नाटकातला हवा.

गोमंतकी:
मग सदाशिव गोव्यातून घ्या. मूळ संचातले सदाशिव, प्रसाद सावकार, गोव्याचेच आणि अभिषेकीबुवा मंगेशीचे. कला अकादमीच्या स्पर्धेत आजही दरवर्षी संगीत नाटकं होतात. दिवसा नोकरी आणि रात्री तालीम करणारी, पद म्हणता म्हणता संवादात शिरणारी पोरं तिथे आहेत. निवडीत त्यांना आधी गायला लावू नका. दुसरा कुणी गात असताना पंधरा मिनिटं ऐकत बसायला सांगा. सदाशिव नाटकभर ऐकतच असतो.

विंगेतून:
ही निवड मी घ्यायला तयार आहे. पण मग खाँसाहेबांचीही अशीच घ्या, राहुल देशपांडे असले तरी.

षड्जपंचम:
राहुल यांची परीक्षा? ती २०१० ला रंगमंचावर झालीय. सदाशिव गोव्याचा, हे मान्य. खाँसाहेब बदलायला मी तयार नाही.