पायथनमधील लिस्टवरच्या मराठी टिपणांची वाक्यरचना कशी सुधारावी?

प्रश्न
नमस्कार. सोलापुरात पदविकेच्या पहिल्या वर्षाला शिकणाऱ्या मुलांसाठी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतील डेटा स्ट्रक्चर्सवरच्या (माहिती साठवण्याच्या रचनांवरच्या) जुन्या मराठी टिपणांची भाषा मी सुधारत आहे. त्यांत 'सॉर्ट ही मेथड लिस्ट क्रमाने लावून देते' असे वाक्य आहे (लिस्ट म्हणजे घटकांची यादी, मेथड म्हणजे तिच्यावर चालवायची क्रिया). ते वाचून मुले 'तालुके = तालुके.सॉर्ट()' असे लिहितात आणि पुढच्या ओळीत तालुके छापायला सांगितले, की बार्शी, माढा, सांगोला यांच्याऐवजी पडद्यावर 'नन' (None, म्हणजे 'काहीच मूल्य नाही') उमटते. हे वाक्य कसे लिहावे?

उत्तर १
मूळ लिस्ट बदलते का आणि मेथड परत काय देते (काम संपल्यावर कोणते मूल्य हाती देते), या दोन्ही प्रश्नांवर हे वाक्य गप्प आहे. माझ्या मते असे लिहावे: 'सॉर्ट मूळ लिस्टमधल्याच घटकांचा क्रम बदलते आणि नन परत देते, मूळ लिस्ट तशीच ठेवून क्रमाने लावलेली नवी लिस्ट हवी असेल, तर सॉर्टेड हे फंक्शन वापरावे.' अपेंड (शेवटी एक घटक जोडणे), एक्स्टेंड (शेवटी अनेक घटक जोडणे) आणि रिव्हर्स (क्रम उलटा करणे) यांचेही वर्णन याच पद्धतीने करता येईल. पॉपला मात्र स्वतंत्र वाक्य द्यावे, कारण ती घटक लिस्टमधून काढते आणि तोच परतही देते.

उत्तर २
वरील वाक्य अचूक आहे, पण 'परत देणे' म्हणजे काय हे ज्याला अजून उमगलेले नाही, त्याला ते जड जाईल. म्हणून आधी दोन ओळींचा कोड आणि त्याचे आउटपुट दाखवावे, मग हे वाक्य द्यावे.

उत्तर ३
टिपणांत 'लिस्टचा क्यू म्हणून वापर करता येतो' एवढेच असेल, तर तेही अपुरे आहे (क्यू म्हणजे आधी आलेला आधी बाहेर पडतो अशी रांग). पॉप(०) करून पहिला घटक काढल्यावर उरलेला प्रत्येक घटक एकेक जागा पुढे सरकवावा लागतो. पंढरपूरच्या दर्शनबारीत पुढचा भाविक आत गेला, की मागच्या प्रत्येकाला पाऊल पुढे टाकावे लागते, तसेच हे आहे. लिस्ट जितकी लांब, तितके काम अधिक. कलेक्शन्स मॉड्यूलमधील डेकच्या (deque, दोन्ही टोकांनी घटक घालता-काढता येणाऱ्या रांगेच्या) पॉपलेफ्ट या पहिला घटक काढणाऱ्या मेथडला हे सरकवणे करावे लागत नाही, हे तिथल्या तिथेच सांगावे.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. कोड आधी, वाक्य नंतर हा क्रम मी सर्व मेथड्ससाठी ठेवतो. टपल या लिस्टसारख्याच दुसऱ्या रचनेबद्दलचे 'टपल बदलता येत नाही' हे वाक्यही आता असे करीत आहे: 'टपलमधील घटकाच्या जागी दुसरा घटक ठेवता येत नाही, मात्र तो घटक स्वतः लिस्ट असेल, तर त्या लिस्टमध्ये बदल करता येतो.' यात काही निसटले असल्यास अवश्य कळवावे.